पोटमाळ्यावर कोण झोपणार?

मागच्या अंकात लहान घरांतल्या जागेविषयी पत्रं पाठवा म्हटलं होतं. कपाटं, स्वयंपाकघर, गॅलरी असं काहीबाही येईल असा अंदाज होता. गठ्ठ्यातून निघाले ते बहुतेक पोटमाळेच. तेव्हा या वेळी सगळं सदर वरच्या अंगाला.

प्रश्न : ताई, आमची गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. बाहेरची खोली १० बाय १५, मागे ५ फुटांचं स्वयंपाकघर आणि त्यातच मोरी. छत ११ फूट. आम्ही दोघं, दहावीत गेलेला मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. जुना लाकडी पोटमाळा आहे, पण तो ट्रंका, तांब्याचं घंगाळ, टीव्हीचे खोके यांनी भरलाय. मुलाला तिथे झोपायला आणि अभ्यासाला जागा करायची आहे आणि सामानही तिथेच राहायला हवं. शिवाय घर जरा बरं दिसावं. कसं जमवू?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ‘सामानही तिथेच’ एवढं आधी खोडा, मग पुढे बोलू. पोटमाळा एक तर माणसाचा असतो, नाही तर सामानाचा. दोघांना भागीदारीत दिला की सामान हळूहळू पसरतं आणि माणूस पुन्हा खाली गादी घालतो. गिरगाव-दादरच्या कितीतरी खोल्यांत मी हे बघत आलेय, आणि दर वेळी उत्तर एकच मिळतं: ‘तात्पुरतं ठेवलं होतं हो.’

मुलगा वर जाणार हे पक्कं असेल तर टेप घ्या. उंची छताच्या फळ्यांपर्यंत मोजू नका, तुळईच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. डोकं आपटतं ते तुळईला. तिथपर्यंत खरोखरच ११ फूट, म्हणजे १३२ इंच भरले तर खाली ६ फूट ९ इंच ठेवा. ते झाले ८१. सांगाडा आणि वरची फळी यांत ४ इंच जातील. वर उरले ४७. त्यातून ४ इंचांची गादी वजा केली की ४३. उंच माणसाला मांडी घालून ताठ बसायला साधारण ३६ इंच लागतात, तेव्हा मुलगा आणखी वाढला तरी भागेल. तुळईपर्यंत १० फूटच भरत असतील तर मात्र बसण्याचा विषय सोडा. वर नुसतं झोपायचं, अभ्यास खाली.

खोलीभर पोटमाळा घालू नका. सुतार म्हणेल, ‘एवढं करतोच आहोत तर पुरता घेऊन टाकू.’ नको. १० बाय ६ पुरे झाला. उरलेले ९ फूट छतापर्यंत मोकळे राहू द्या. चाळीच्या खोलीची श्रीमंती तिच्या उंचीत आहे. ती आडवी कापलीत तर सासूबाईंना दिवसभर आगगाडीच्या खालच्या बर्थवर बसल्यासारखं वाटेल. त्यांची कॉटही पोटमाळ्याखाली ढकलू नका, खिडकीशी ठेवा. रात्री उठून मोरीकडे जाणाऱ्या माणसाच्या वाटेत शिडीचा पाय यायला नको. पोटमाळ्याखाली भिंतीलगत २ फूट खोल कपाट आणि बिजागऱ्यांवर खाली पडणारी टेबलाची फळी एवढं सहज बसतं.

आता वजन. जुन्या चाळींत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधे विटा असतात. दोन खोल्यांमधली भिंत बरेचदा साडेचार इंचीच असते. तिला खाचा पाडून अँगल रोवायचे नसतात. पोटमाळा स्वतःच्या पायांवर उभा हवा, आणि ते पाय भिंतीलगत, जमिनीखालच्या तुळईच्या रेषेवर. तुळई कुठून जाते हे पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताकडे बघून कळतं. एकदा चहाला जाऊन या. मोरीच्या बाजूची तुळयांची टोकं खास तपासून घ्या. तिथे वर्षानुवर्षं पाणी झिरपून लाकूड आतून भुसभुशीत झालेलं असतं आणि वरचा ऑइलपेंट मात्र चकाकत असतो. हे सुताराचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा असा नव्या बांधकामाचाही हिशेब आहे. २०० लिटरचं भरलेलं पिंप दोन हातांच्या जागेत तेवढंच वजन टाकतं. पाणी साठवायची टाकी वर ठेवू या, असं घरात कोणी म्हणालंच तर तिथेच थांबवा.

परवानगीचंही बघा. नियमांच्या भाषेत दीड मीटरपर्यंत उंचीचा माळा सामानासाठी असतो. निम्मं गिरगाव पिढ्यान्‌पिढ्या त्यावर झोपत आलं ते आपल्या हिमतीवर. नवा सांगाडा घालण्याआधी मालकाला विचारा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळालाही विचारा. मुंबईच्या शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारती बहुधा त्यात येतात. तोंडी ‘करा हो’वर लोखंड आणू नका, कागद घ्या.

शिडीला सगळ्यात कमी विचार मिळतो आणि सगळ्यात जास्त वापर तिचाच होतो. सरळ जिना केलात तर सहा फूट जमीन जाते, तिरकी शिडी तीन फुटांत बसते. तुमच्या खोलीत शिडीच. पायऱ्या गोल पाइपच्या नकोत, तळव्याला रुततात. ४ इंच रुंद सपाट फळ्या घ्या, कडेला रबराची पट्टी, आणि हाताने धरायचा दांडा पोटमाळ्याच्या वर आणखी दोन फूट न्या, म्हणजे उतरताना पहिलं पाऊल टाकायला आधार राहतो. शिडीच्या दिव्याला टू-वे स्विच हवा, एक खाली, एक उशाशी. छताचा पंखा पोटमाळ्याच्या कडेच्या फार जवळ येत असेल तर हलवा. पात्याचं टोक आणि कठडा यांत निदान ३ फूट अंतर हवं, झोपेत हात बाहेर आला तरी लागू नये एवढं. वर झोपणाऱ्याला भिंतीवरचा छोटा पंखा द्या.

सामानाबद्दल. ट्रंका उघडायचा दिवस सासूबाईंना ठरवू द्या आणि त्या वेळी तुम्ही जवळ बसा, घाई न करता. रोजचं खाली. महिन्या-दोन महिन्यांनी लागणारं, मोकळ्या ९ फुटांत छताखाली फूटभर सोडून भिंतीभोवती फिरवलेल्या फळीवर. वर्षातून एकदाचं, म्हणजे मखर, कंदील, गोधड्या, एवढंच कपाटाच्या माथ्यावर बंद खणात. टीव्हीचे रिकामे खोके भंगारात, त्यावर चर्चा नको. जुन्या साड्यांना बोहारीण अजून येत असेल तर उत्तम. घंगाळ मात्र विकू नका. चिंचेने घासून खिडकीखाली ठेवा आणि त्यात वर्तमानपत्रं टाका. विकत आणलेली कुठलीही शोभेची वस्तू त्या कोपऱ्यात एवढी छान दिसणार नाही.

राहता राहिलं दिसणं. जुन्या पोटमाळ्याचं सागवान सुताराला ‘घेऊन जा’ म्हणू नका. तो आनंदाने नेईल आणि तुम्हाला प्लाय विकेल. त्याच फळ्या रंधून शिडीच्या पायऱ्या, कठड्याचा माथा आणि मुलाचं बैठं मेज करून घ्या, वर फ्रेंच पॉलिश. मेज ११-१२ इंच उंच ठेवा, म्हणजे मांडी त्याखाली जाते. नव्या फळीला १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल सोसणारा प्लाय घ्या आणि खाली दीड-दोन फुटांवर आडवे आधार. पोटमाळ्याची खालची बाजू पांढरी रंगवा. लोक तिला विसरतात आणि मग खाली अंधार का वाटतो म्हणून दिवे वाढवत बसतात.

प्रश्न : लालबागला आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, मंगलोरी कौलांची. पोटमाळ्यावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात गोधड्यांना बुरशी येते. फॉल्स सीलिंग करावं का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : पीओपीचं फॉल्स सीलिंग कौलांखाली अजिबात नको. एक कौल सरकलं की पहिल्या मोठ्या पावसात त्यावर पिवळे नकाशे उमटतात, आणि गळती नेमकी कुठे आहे ते दिसतही नाही.

गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर जायला वाट नसते, एवढंच तुमचं दुखणं. तिला वाट करून द्या. कौलांच्या त्रिकोणी भिंतीत जितक्या उंचावर जमेल तितक्या उंचावर झरोका काढा आणि त्यात छोटा एक्झॉस्ट पंखा बसवा. बाहेरून जाळी लावा, नाही तर कबुतरं राहायला येतील. खालची खिडकी उघडी ठेवून संध्याकाळी पंखा लावला की फरक पडतो. दुपारी बाहेरचीच हवा तापलेली असते, तेव्हा फार अपेक्षा नको. मग वाशांच्या खालच्या बाजूने फॉइलचं इन्सुलेशन ताणून घ्या, कौल आणि फॉइल यांत निदान दोन इंच पोकळी ठेवून. पोकळी गेली तर फॉइलचा अर्धा उपयोग गेला. थर्मोकोल स्वस्त पडतो म्हणून कोणी सुचवेल. छताखाली, वायरिंगच्या शेजारी, तो मी कधीच लावू देत नाही.

उजेड कमी असेल तर एक काचेचं कौल बसवा, उत्तरेकडच्या उतारावर. दक्षिणेला बसवलंत तर उजेडाबरोबर ऊनही विकत घेतलंत.

गोधड्यांचं सोपं आहे. त्या पोटमाळ्यावर ठेवायच्याच असतील तर भिंतीला टेकवून नकोत, मागे दोन इंच हवा खेळू द्या आणि जमिनीवर नको, लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर. कपाट असेल तर त्याच्या पाठीला आणि तळाला भोकं पाडा. ओलसर गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली की बुरशीला आपणच घर बांधून दिलं. ऑक्टोबरच्या उन्हात चांगल्या कडकडीत वाळवा, मग सुती चादरीत गुंडाळून वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासकट ठेवा. डांबरगोळ्या लहान मुलं झोपतात त्या जागी नकोत. आणि तिथे कोणी झोपतही असेल, तर वरचं उत्तर पुन्हा वाचा.

प्रश्न : आमचं नुकतंच लग्न झालंय. परळला आजोबांची १६० चौरस फुटांची खोली आहे, पोटमाळ्यासकट. आम्हाला ती न्यूयॉर्कच्या लॉफ्टसारखी करायची आहे, म्हणजे एका भिंतीचा गिलावा काढून विटा दाखवायच्या, काळे पाइप, मोठे दिवे. आजोबा गिरणीत होते, त्यांनी आणलेल्या लाकडी बॉबिनीही (सूत गुंडाळायची रिळं) घरात आहेत. बजेट बेताचं आहे.
— एक वाचक, परळ

उत्तर : तुम्ही बघितलेले फोटो सोहो भागातले असणार. तिथे बिडाच्या खांबांच्या इमारतींत कारखाने आणि गोदामं होती. ती ओस पडली, तेव्हा चित्रकार-शिल्पकार स्वस्त जागा म्हणून राहायला घुसले आणि १९७१ मध्ये शहराने त्यांना तिथे राहायची कायद्याने मुभा दिली. विटा त्यांनी हौसेने उघड्या केल्या असं नाही, कारखान्याच्या भिंती होत्याच तशा. आणि छतं १२ ते १५ फुटांची, खोल्या आपल्या आख्ख्या मजल्याएवढ्या. तो रांगडेपणा मोठ्या जागेत शोभतो. तुमच्या १६० फुटांत चार काळे पाइप लावले की प्लंबर काम अर्धवट टाकून गेल्यासारखं दिसेल.

गिलाव्याला हात लावू नका. जुन्या चाळीच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर टाकतो आणि आतल्या मऊ विटेला सांभाळतो. तो काढलात की विटांना लोणा लागतो, लाल भुकटी गळायला लागते आणि पहिल्याच पावसाळ्यात पलंगावरची चादर गुलाबी दिसते. मग कोणीतरी सिमेंटने लिंपून द्यायला सांगतं आणि ओल आत कोंडते. कुठे गिलावा फुगलाच असेल तर तेवढाच काढून चुन्यानेच भरा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, पण मिळतो.

उघडंच काही करायचं असेल तर लाकूड उघडं करा. तुमच्या खोलीतल्या खांबावर आणि तुळईवर ऑइलपेंटचे कितीतरी थर असतील, बाहेरून आत पिवळा, निळा, हिरवा. खाली सागवान आहे. थर कोरडे घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. पेंट रिमूव्हर लावून ओलं खरवडा, मास्क घाला, नंतर जवसाच्या तेलाचा हात द्या. एक खांब आणि एक तुळई एवढं पुरे. बाकी भिंती मळकट नसलेल्या पांढऱ्या. हे काम दोघांनी सुट्टीच्या दिवशी करता येईल, बजेटात बसेल. वाचलेल्या पैशांत आधी वायरिंग बदला. जुन्या वायरीवर मोठे दिवे टांगणं परवडणारं नाही.

बॉबिनी काचेच्या बरणीत भरून शोपीस करू नका. पोटमाळ्याच्या कडेला एका पट्टीवर ओळीने ठोका आणि खुंट्या म्हणून वापरा. बॅग, छत्री, हेल्मेट. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. परळमधल्या फार थोड्या घरांत गिरणीचं काही उरलंय. तुमच्याकडे आहे ते रोज हाताळलं जाऊ दे.

पोटमाळ्याचं म्हणाल, तर तुम्ही दोघंच आहात. वर झोपा, खाली राहा. लग्नातली भेटवस्तूंची खोकी वर चढवलीत तर मी जबाबदार नाही.

प्रश्न : ताई, मी बर्लिनला शिकते. जुन्या इमारतीत भाड्याची एक खोली आहे, छत साडेतीन मीटर. इथे सगळे उंच माचीसारखा पलंग करतात, खाली टेबल. भिंतीला भोकं पाडायला घरमालकीण नाही म्हणते. वर झोपायला आईची ना आहे.
— एक वाचक, बर्लिन

उत्तर : आईला माझं नाव सांग. साडेतीन मीटर म्हणजे साडेअकरा फूट, गिरगावपेक्षा जास्तच! भिंतीला न लागता चार पायांवर उभा राहणारा पलंग घे, चौकोनी लाकडाचा, दोन बाजूंना तिरपे आधार असलेला. तिरपा आधार नसेल तर कूस बदलली की हलेल आणि तुझी झोप जाईल. जाताना उघडून पुढच्या मुलीला विकता येईल.

छतावर धुराचा अलार्म असेल, तिथे तो बंधनकारकच आहे. पलंगाचा कुठलाही भाग त्याच्यापासून अर्ध्या मीटरच्या आत येऊ देऊ नकोस आणि काढून तर मुळीच ठेवू नकोस. थंडीत वर छान ऊब असते, पण दमट हवाही वरच साठते. रोज सकाळी खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघड आणि गादीखाली पट्ट्या असू देत, सलग फळी नको. हे आईलाही पाठव, तिला बरं वाटेल.

प्रश्न : आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. या वर्षी पोटमाळा नवा केला आणि नेमकी गणपतीची जागा त्याच्याखाली आली. आई म्हणते, देवाच्या डोक्यावर कोणी चालायचं नाही. आता पोटमाळा तोडू का?
— एक वाचक, दादर

उत्तर : तोडू नका, आईशी वादही घालू नका. गणपतीला समोरच्या मोकळ्या भिंतीशी आणा, जिथे वर छतच आहे. दाराजवळ येईल, हरकत नाही. दर्शनाला येणारी माणसं आत न शिरता परत फिरतील, ते सोयीचंच आहे. भिंतीला बिजागऱ्यांवर दोन फूट बाय दीड फुटाची फळी बसवा, खालून दोन साखळ्यांऐवजी लाकडी टेकू घ्या, कारण मूर्ती शाडूची असेल तर दिसते त्याहून जड असते. आरास भिंतीवर चढवा, जमिनीवर पसरवू नका: एक साधी पैठणी किंवा इरकल उभी ताणली, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, झालं. माटोळी, म्हणजे मूर्तीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधत असाल तर ती छताच्या हुकाला टांगा, पोटमाळ्याच्या कडेला नको, तिथे डोकी लागतात.

समई पोटमाळ्याच्या पडद्यापासून लांब ठेवा, आणि त्या दीड दिवसात मुलांना वर चढू देऊ नका, आईचं मनही राहील. विसर्जन करून आलात की त्याच रात्री फळी उचलून भिंतीला लावा, नाही तर दिवाळीपर्यंत तिच्यावर इस्त्रीचे कपडे साठतील.